किती शिळं चालेल, हे आपण ठरवा

मा. कुलगुरू,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर



गेली पंधरा वर्षं मी नागपुरात शाळा-महाविद्यालयांची आणि संस्थांची संकेतस्थळं बांधतो, सांभाळतो. आपल्याच विद्यापीठाचा मी विद्यार्थी. हे पत्र तक्रारीचं नाही. संकेतस्थळाचा वेग वाढवताना एक निर्णय घ्यावा लागतो: कुठलं पान किती जुनं चालेल? तो सहसा माझ्यासारख्या तंत्रज्ञावर सोडला जातो, पण खरं तर तो कुलसचिवांचा आणि परीक्षा विभागाचा आहे. तो आपण हाती घ्यावा, एवढ्यासाठी लिहितो आहे.

१९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठातून २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. तरी नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया असे चार जिल्हे आपल्याकडे आहेत. नागपूरचा मुलगा गाडी काढून कार्यालयात येऊन विचारू शकतो. देवरीच्या किंवा सालेकसाच्या मुलीसाठी मात्र फोनवरचं पान हीच विद्यापीठाची खिडकी. ती किती लवकर उघडते, हा तिच्यासाठी सोयीचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे.

परीक्षेच्या किंवा निकालाच्या दिवसांत अशा संकेतस्थळावर काय होतं ते जवळून पाहू. मुलगी एक सूचना उघडते. वर्डप्रेस, जूमला यांसारख्या प्रणालीत ते पान तयार स्वरूपात कुठेच ठेवलेलं नसतं. मागणी आली की पीएचपीत लिहिलेली आज्ञावली कामाला लागते आणि डेटाबेसला विचारत सुटते: शीर्षक काय, मजकूर काय, मेन्यूत काय, बाजूच्या चौकटीत कुठल्या बातम्या. समजा, अशा पन्नास प्रश्नांतून पान जुळलं, मुलीकडे गेलं, आणि सर्व्हर ते विसरला. पुढच्याच क्षणी वर्ध्याच्या मुलाने तेच पान मागितलं की सगळं पहिल्यापासून. पाच मिनिटांत वीस हजार मुलं आली तर दहा लाख प्रश्न, आणि उत्तर दर वेळी तेच! पान अडकलं की मुलं पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतात, आणि प्रत्येक रिफ्रेशने गर्दी आणखी वाढते.

यावरचा उपाय कस्तुरचंद पार्कजवळचा तर्री-पोहेवाला रोज सकाळी करून दाखवतो. गिऱ्हाईक आल्यावर तो पोहे भिजवायला घेत नाही. पातेलंभर पोहे वाफेवर तयार असतात, शेजारी हरभऱ्याची तर्री उकळत असते. प्लेट हातात घेतली की तो एवढंच विचारतो, तिखट कमी की जास्त? मग तर्री, चिवडा, कांदा, लिंबू. सगळ्यांना सारखं लागतं ते आधी करून ठेवलेलं, ज्याचं त्याचं वेगळं ते ऐन वेळी. आणि पातेलं संपत आलं की नवं लावायचं. सकाळचे पोहे दुपारी द्यायचे नाहीत. कॅशिंग म्हणजे हेच, आणि त्यातला कठीण भाग शेवटचा.

साधनं भरपूर आहेत, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. ओपकॅश २०१३ पासून पीएचपीसोबतच येतो. तो मजकूर साठवत नाही, फक्त आज्ञावली दर वेळी नव्याने वाचण्याचा खटाटोप वाचवतो. तो सुरू असायलाच हवा. रेडिस आणि मेमकॅश्ड डेटाबेसची उत्तरं लक्षात ठेवतात. लॉगिन केलेल्यांची अख्खी पानं साठवता येत नाहीत, तिथे त्यांचा उपयोग. सर्वांत मोठा फायदा अख्खं पान साठवून ठेवण्यात. हे काम प्रणालीला जोडलेलं प्लगिन करतं, एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर करतो, किंवा सर्व्हरपुढे बसवलेलं व्हार्निश करतं. हे व्हार्निश २००६ साली नॉर्वेतल्या एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळासाठी लिहिलं गेलं, कारण तिथेही प्रश्न हाच होता: हजारो वाचक आणि सगळ्यांना एकच बातमी. बोधचिन्ह, छायाचित्रं, अभ्यासक्रमाच्या पीडीएफ या गोष्टी विद्यार्थ्याच्या फोनमध्ये किंवा सीडीएनवर, म्हणजे ठिकठिकाणच्या साठवण-सर्व्हरवर, राहू द्याव्यात.

पण जितके कॅशे जास्त तितका वेग जास्त, असं गणित नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये अंगचाच एक क्वेरी कॅशे होता. तक्त्यातली एक नोंद बदलली की त्या तक्त्याची सगळी साठवलेली उत्तरं तो फेकून द्यायचा. गर्दीत त्याचाच अडथळा होऊ लागला आणि २०१८ च्या आठव्या आवृत्तीत तो काढून टाकला गेला. दोन-दोन कॅशे प्लगिन एकावर एक चढवलेली संकेतस्थळं मी दुरुस्त केली आहेत. जुनं पान नेमकं कुठल्या थरात अडकलंय, हे शोधण्यातच दिवस जातो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळावर मी पानांचा कॅशे बारा तासांचा ठेवला. पानं झटक्यात उघडू लागली, सगळे खूश झाले. मग एका दुपारी प्रात्यक्षिक परीक्षेची तारीख एक दिवस अलीकडे आली. कार्यालयातल्या बाईंनी बदल केला, पान उघडून खात्रीही केली. त्यांना नवी तारीख दिसली, कारण त्या लॉगिन होत्या आणि लॉगिन असलेल्याला साठवलेलं पान दाखवलं जात नाही. बाहेरच्यांना मात्र रात्री उशिरापर्यंत जुनीच तारीख दिसत होती. परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी एक वडील मुलाला घेऊन खेड्यातून आले. त्यांनी फोनवरचा स्क्रीनशॉट पुढे केला आणि म्हणाले, "इथं तर आजचीच तारीख आहे ना?" मला उत्तर सुचलं नाही. ते बारा तास मीच ठरवले होते. ते पान किती शिळं चाललं असतं, हे मी कुणाला विचारलं नव्हतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. २०१५ च्या नाताळात स्टीम या गेम विकणाऱ्या संकेतस्थळाच्या कॅशेची मांडणी चुकली आणि सुमारे ३४ हजार जणांची खात्याची पानं भलत्याच लोकांना दिसली असण्याची शक्यता निर्माण झाली. गुणपत्रिका, शुल्क, पत्ता असलेल्या पानांच्या बाबतीत आपल्याला हे परवडणार नाही.

म्हणून विनंती अशी. प्लगिन निवडण्याआधी परीक्षा विभाग, प्रवेश विभाग आणि संगणक विभाग यांना एकत्र बसवून पानांची वर्गवारी करून घ्या. विद्यापीठाचा इतिहास, विभागांची ओळख: एक दिवस जुनं चालेल. सूचना आणि वेळापत्रक: फार तर पाच मिनिटं, आणि बदल प्रसिद्ध होताच साठवलेलं पान आपोआप पुसलं जावं. शुद्धिपत्रकाची पीडीएफ: दर वेळी नव्या नावाची, म्हणजे फोनमधली जुनी उघडणार नाही. लॉगिन आणि शुल्काची पानं: कधीच साठवायची नाहीत.

निकालाचा वेगळा विचार करा. तो प्रत्येकाचा निराळा असला तरी जाहीर झाल्यावर पुनर्मूल्यांकनापर्यंत बदलत नाही. मग तो दर मागणीला डेटाबेसमधून का काढायचा? आदल्या रात्रीच प्रत्येकाची फाइल तयार करून ठेवता येते. फाइलचं नाव मात्र आसन क्रमांकावरून ओळखता येता कामा नये. राज्य मंडळ निकालासाठी आसन क्रमांकासोबत आईचं नाव विचारतं, तशी दुसरी खूण इथेही हवी.

बदल केल्यावर लॉगिन न करता, साध्या फोनवरून पान तपासणं हे एका व्यक्तीचं नेमून दिलेलं काम असावं. आणि प्रत्येक सूचनेखाली एक ओळ छापावी: हे पान अमुक तारखेला, अमुक वाजता तयार झालं. खर्च जवळपास शून्य. त्या दिवशी त्या वडिलांच्या स्क्रीनशॉटवर ही ओळ असती, तर पान काही तास जुनं आहे हे त्यांना घरीच कळलं असतं, आणि एक फोन करून त्यांनी खात्री करून घेतली असती.

आपला विश्वासू,
या विद्यापीठाचा एक माजी विद्यार्थी, नागपूर