खटका तोच, खेळ नवा

व्ह्यू-मास्टर आठवतोय? तोच तो, डोळ्यांना लावायचा आणि खटका दाबत बसायचं. ‘खटाक्’ झालं की पुढचा सीन! फंडा एकदम सिंपल. चकतीवर १४ फोटो, म्हणजे ७ जोड्या. एका डोळ्याला एक फोटो, दुसऱ्याला किंचित वेगळ्या कोनातून काढलेला दुसरा. थ्रीडी बनवायचं काम आपल्या मेंदूचं. १९३९ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरमध्ये आलेलं हे खेळणं. ना बॅटरी, ना चार्जर.

२०१५ मध्ये मॅटेलनं गुगल कार्डबोर्डची टेक्नॉलॉजी घेऊन त्याचा व्हीआर अवतार आणला. चित्रं आता चकतीतून नाही, तर आत सरकवलेल्या स्मार्टफोनमधून. मान वळवा, समोरचं जगही वळतं. खटका मात्र ठेवलेला, सिलेक्ट करायला. आयडिया सहीच! नुसतं बघायचं नाही, थेट आत शिरायचं.

पण बॉस, गोची इथेच आहे. फोनचे साइज बदलतात, अ‍ॅप अपडेट मागतं, कंपनीचा मूड फिरतो. गुगलनं २०२१ मध्ये आपल्या स्टोअरवर कार्डबोर्ड विकणंच बंद केलं. ताईची जुनी चकती मात्र मी परवा खिडकीकडे तोंड करून पाहिली. रंग जरा उडालेत, पण थ्रीडी जसंच्या तसं!

मला गॅजेट्सचं वावडं नाही. इलेक्ट्रॉनिक्स जरूर घाला, पण ते बंद पडल्यावरही खेळणं खेळता आलं पाहिजे. तेव्हा भाच्यासाठी ‘स्मार्ट’ खेळणं घेताना दुकानदाराला एवढंच विचारा : अ‍ॅप गेलं, तर हातात उरतं काय?