अठरा वर्षं आणि तीन दिवस

मोहम्मद कुडूसला अठरा वर्षं पूर्ण झाली २ ऑगस्ट २०१८ला. ५ ऑगस्टला तो डेन्मार्कच्या एफसी नॉर्शेलँडकडून ब्रॉन्डबीविरुद्ध मैदानात उतरला. घानातल्या अक्रामधल्या निमा या दाटीवाटीच्या वस्तीतला हा मुलगा. पुढे आयाक्स, वेस्ट हॅम, आणि २०२२च्या विश्वचषकात दक्षिण कोरियावर दोन गोल. गोल सगळ्यांनी पाहिले. मला मात्र त्या तीन दिवसांच्या आधीची वर्षं महत्त्वाची वाटतात.

ती गेली 'राइट टू ड्रीम'मध्ये. मँचेस्टर युनायटेडसाठी आफ्रिकेत खेळाडू हेरणाऱ्या टॉम व्हर्नन यांनी १९९९मध्ये घानात ही अकादमी सुरू केली. आज व्होल्टा नदीकाठी तिची निवासी शाळा आहे, मुलींनाही तिथं जागा आहे. पुस्तक बाजूला ठेवून नुसता चेंडू हाती देणाऱ्या अकादम्या पुष्कळ आहेत. पण इथली कित्येक मुलं शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत गेली. डेव्हिड अकॅम इंग्लंडमधल्या हार्टपरी कॉलेजात शिकला आणि स्वीडनमार्गे शिकागो फायरपर्यंत पोचला. २०१५च्या अखेरीस या मंडळींनी नॉर्शेलँड क्लबच विकत घ्यायचं ठरवलं. घरून निघालेल्या मुलाला परक्या देशातही ओळखीचं दार मिळावं, याहून चांगली सोय मला सुचत नाही.

अठराव्या वर्षापर्यंत थांबावं लागतं ते फिफाच्या नियमामुळे. १८ वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबात नोंदणी होत नाही. पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील, अशा काही मोजक्या सवलती आहेत. हा नियम मोडला म्हणून २०१४मध्ये बार्सिलोनासारख्या क्लबालाही खेळाडू घ्यायला बंदी झाली. नियम कठोर वाटतो, पण त्यामागं मुलांचे हाल आहेत. पश्चिम आफ्रिकेतून पर्यटक व्हिसावर मुलं युरोपात न्यायची, चाचणीत नापास झाली की रस्त्यावर सोडून द्यायची, हा धंदाच झाला होता. कॅमेरूनचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू जाँ-क्लोद म्बवुमाँ यांनी २०००मध्ये पॅरिसमध्ये 'फुट सोलिडेर' ही संस्था काढली, ती अशाच मुलांसाठी. या मुलांना परतायची लाज वाटायची. घरच्यांनी कर्ज काढलेलं, जमीन विकलेली. गावात कोणत्या तोंडानं जायचं?

म्हणून मी आग्रहानं सांगतो, की परदेशी जाणाऱ्या मुलाची पहिली तयारी परत येण्याची हवी. बर्फात खेळणं, भाषा, एकटं राहणं, स्वतःचं जेवण करणं, हे सगळं शिकवता येतं. पण 'जमलं नाही तर घर आहे, शिक्षण आहे' हे आई-बापांनी निघण्यापूर्वी त्याला तोंडानं सांगायला हवं. सुनील छेत्री २०१०मध्ये कॅन्सस सिटीला गेला, २०१२मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबाच्या 'ब' संघात गेला. दोन्हीकडे फारसं खेळायला मिळालं नाही. तो परतला आणि भारताचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव क्रीडा प्रबोधिनीतून घडला, २०१७चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला, २०१९मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावाला गेला. परत आल्यावर २०२१-२२ची आयएसएल जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात तो होता. यात हरणं कुठं आहे?

कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा पोरांच्या डोळ्यांत आता युरोप असतो. चांगलंच आहे. पण 'मुलाला परदेशात ट्रायल मिळवून देतो, इतके लाख भरा' असं कुणी म्हणालं तर पालकांनी आधी त्याचा फिफाचा परवाना मागावा. मग ज्या क्लबाचं नाव तो घेतो, त्या क्लबाला स्वतः लिहून विचारावं. मूल अज्ञान असेल तर पालकांच्या लेखी संमतीशिवाय एजंटानं त्याच्याशी बोलणीही करायची नसतात. आणि अठरापूर्वी केलेला करार तीन वर्षांहून मोठा असू शकत नाही. कागद इंग्रजीत असो नाहीतर डॅनिशमध्ये, ओळखीच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

एक गोष्ट तालमींनी आणि छोट्या क्लबांनीही करायची आहे. कराराच्या मुदतीत खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबाकडे गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला वयाच्या १२व्या ते २३व्या वर्षांत घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. पैसे मिळतात ते मुलाची रीतसर नोंद केलेल्या क्लबालाच. ज्या प्रशिक्षकानं बारा वर्षांच्या पोराला पदरमोड करून बूट घेऊन दिले, त्याच्या क्लबाचं नाव नोंदणीच्या कागदावर असायलाच हवं. यंदाच्या हंगामाची नोंदणी करताना लहान गटातल्या मुलांचे अर्जही भरून टाका.