भेगा मुदत पाळत नाहीत

२४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे मृत्युमुखी पडली. इमारतीचे वय फार तर दहा वर्षे. गुन्हे दाखल झाले. परंतु इमारत उभी असतानाच रहिवाशांना बिल्डरला जाब विचारण्याची कायदेशीर सोय किती होती, हा प्रश्न ढिगाऱ्याबरोबरच उचलला गेला.

ही इमारत रेरापूर्वीची. १९६३ च्या मोफा कायद्यानुसार ताब्यापासून तीन वर्षांच्या आत दाखवून दिलेला दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ ने ही मुदत पाच वर्षांची केली आणि दुरुस्तीस तीस दिवस दिले. ही सुधारणा खरी आहे, तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. पण सळईवरचे काँक्रीट पातळ ठेवले, खाडीची खारट रेती वापरली, तर लोखंड आतल्या आत गंजत राहते. गंज फुगून स्लॅबचे पोपडे सुटू लागतात ते पुष्कळदा पाच वर्षे उलटल्यावरच. भिंतीची ओल पहिल्याच पावसाळ्यात दिसते, तिच्यासाठी कायदा आहे. जीव घेणारा दोष दडून राहतो आणि नेमका तोच मुदतीबाहेर पडतो.

शिवाय दोष शाबीत करावयाचा तो राहणाऱ्याने. काँक्रीटच्या चाचण्यांचे अहवाल बिल्डरच्या कपाटात. आणि पगारातून हप्ते फेडणाऱ्या कामगाराने तज्ज्ञ व वकील उभे करावेत! बिल्डरचे उत्तर मात्र तयार असते : तुम्ही न्हाणीघराची फरशी फोडली, म्हणून गळते.

फ्रान्ससारख्या भांडवली देशातही १९७८ च्या कायद्याने इमारतीच्या मजबुतीची हमी दहा वर्षे बांधणाऱ्यावर टाकली आहे व विमा सक्तीचा केला आहे. आपली मागणी स्पष्ट असावी. इमारतीच्या सांगाड्यातील दोषाची मुदत तो उघडकीस आल्यापासून मोजावी, आणि आपले काम निर्दोष होते हे बिल्डरने सिद्ध करावे.

ते होईतो हाती आहे ते वापरले पाहिजे. रेराच्या कलम १७ प्रमाणे इमारतीची कागदपत्रे व नकाशे सोसायटीच्या हवाली करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील सोसायट्यांना ते मागावयास लावावे. चौथ्या वर्षीच इमारतीची तपासणी करवून, दोषांची यादी सर्वसाधारण सभेच्या ठरावासह बिल्डरकडे धाडावी आणि तिची पोच जपून ठेवावी. एकट्या-दुकट्याचे पत्र केराच्या टोपलीत जाते.