सल्ल्याची भाषा
सल्लागार कंपनीतील नोकरीचे आकर्षण केवळ वेतनाचे नसते, असे आम्हांस वाटते. तेथे थोड्या वर्षांत अनेक उद्योग आतून पाहता येतात; नेमके लिहिण्याची शिस्त लागते. निष्कर्ष आधी, कारणे नंतर, ही मॅकिन्झीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांची लेखनपद्धती साहित्याच्या वर्गांनीही अभ्यासावी अशी आहे. सततचा प्रवास, लांबणाऱ्या रात्री आणि ‘बढती, नाहीतर निरोप’ हा दंडक ही तिची किंमत. त्याहून गंभीर उणीव ही की, परिणाम दिसण्यापूर्वीच सल्लागार निघून गेलेला असतो. ऑक्सीकॉन्टिन या अफूजन्य वेदनाशामकाच्या विक्रीविषयीच्या सल्ल्यापायी मॅकिन्झीने डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ६५ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. ‘विक्रीवाढ’ या शब्दाआड व्यसनात अडकलेली माणसे होती. असा शब्द उलटून पाहण्याची सवय साहित्याच्या विद्यार्थ्याजवळ असते. तेथे गेल्यावर त्याने ती सोडू नये.