अर्ध्या तिकिटाचा बोल बायकांनाच का?

१७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट मिळू लागलं, आणि तेव्हापासून 'बायकांमुळे एसटी बुडाली' हे वाक्य मी स्टँडवर कितीदा ऐकलंय! फेब्रुवारी २०२५ मध्ये तर परिवहनमंत्री आणि आपले पालकमंत्री प्रताप सरनाईक यांनीच सवलतींमुळे रोज ३ कोटींचा तोटा होतो, असं सांगितलं. सवलत मात्र चालूच राहिली.

मैत्रिणींनो, हिशेब जरा समजून घेऊ. उरलेलं अर्धं भाडं सरकारने महामंडळाला द्यायचं असतं. ते वेळेवर आलं नाही की डिझेल, पगार, सुटे भाग सगळंच अडतं. शिवाय २०२५ च्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा १० हजार कोटींच्या वर दाखवलाय. तो काय आपल्या दोन वर्षांच्या अर्ध्या तिकिटाने साचला? मधे कोरोना आणि २०२१-२२ चा लांबलेला संपही होता की!

काटकसर आली की कात्री लागते ती कमी उत्पन्नाच्या फेरीला. तुळजापूरची भरून जाणारी गाडी चालू राहील, पण भूम-परंड्याकडच्या आडवळणाच्या गावाची मुक्कामी गाडी सांगता येत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना पास फुकट आहे. पण गाडीच नसेल तर तो पास काय दप्तरात ठेवायचा? संध्याकाळची फेरी गेली की पोरीची शाळा सुटते, आणि घरात स्थळांचा विषय निघतो.

म्हणून फेरी बंद झाली तर गप्प बसू नका. किती मुली त्या गाडीने जातात ते लिहून ग्रामसभेत ठराव घ्या, आगारप्रमुखांना द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.