वांसद्याच्या रानात पायी चालणाऱ्यांना वाट द्या

प्रति,
मुख्य वन्यजीव रक्षक,
गुजरात राज्य, गांधीनगर



मी सुरतेतल्या कतारगाममध्ये हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, बसतो. घर मूळचं खानदेशातलं. दिवसभर आयग्लास डोळ्याला लावून तांदळाच्या कणीएवढ्या दगडाचे पैलू बघायचे. त्यामुळे रविवारी दूरवर नजर टाकायला मिळावी याची आम्हाला ओढ असते. पाऊस लागला की शनिवारपासून कारखान्यात सापुताऱ्याच्या सहलीच्या गोष्टी सुरू होतात. कुणी ईको गाडी ठरवतं, कुणी मोटारसायकलवर डबलसीट निघतं, बाकीचे एसटी पकडतात.

या वाटेवर वांसदा–वघई रस्ता लागतो आणि तो थेट राष्ट्रीय उद्यानातून जातो. उद्यान जेमतेम 24 चौरस किलोमीटरचं. पूर्वी हे वांसदा संस्थानच्या राजांचं रान होतं. 1952 पासून तिथे झाडतोड झालेली नाही आणि 1979 साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सत्तर वर्षांहून जास्त काळ कुऱ्हाड न लागलेलं जंगल सुरतेपासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे, हे आमच्या भाग्याचंच. पण ते आम्हाला दिसतं गाडीच्या काचेतून, पाच-दहा मिनिटं. मग वघई येतं, चहा होतो आणि गाडी सापुताऱ्याच्या घाटाला लागते.

घाटात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ढग खाली उतरले की लोक वळणावर गाडी उभी करतात आणि डांबरावरूनच चालायला लागतात. मुलं कठड्याकडे धावतात, मागून ट्रक येत असतो. जुलै 2024 मध्ये सापुताऱ्याहून सुरतेला परतणारी सहलीची बस याच घाटात दरीत गेली, त्यात लहान मुलं दगावली. फेब्रुवारी 2025 मध्ये यात्रेकरूंची बस कोसळली. हे अपघात वाहनांचे होते, पायी चालणाऱ्यांचे नव्हते. पण ज्या रस्त्यावर बस दरीत जाते, त्याच रस्त्याच्या कडेने हजारो माणसं फिरायला उतरतात, कारण चालण्यासाठी दुसरी जागा त्यांना माहीतच नसते.

म्हणून मागणी एवढीच की रस्त्यापासून बाजूला, उद्यानाच्या कडेने आणि वघईच्या आसपास पायी फिरण्याच्या तीन-चार छोट्या वाटा आखून द्या. नवी वाट खोदू नका, एकही काटस बांबू तोडू नका. वणवा अडवण्यासाठी तुमचं खातं जाळरेषा साफ करतं, वनरक्षक गस्तीला फिरतात, गावकरी ओढ्याच्या काठाने येतात-जातात. रानात पायाखालच्या वाटा आधीच आहेत. त्यांतली कुठली लोकांसाठी खुली करता येईल आणि कुठली जनावरांसाठी शांतच ठेवावी, हे तुमच्या बीटगार्डइतकं कुणाला कळणार? जिथे बिबट्याचा वावर जास्त असेल तो भाग खुशाल बंद ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 28 प्रमाणे पर्यटनासाठी आत जाण्याचा परवाना देण्याचा अधिकार तुमचा आहे, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितो आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या वाटा पार्किंगपासून सुरू करू नका, स्टेशनपासून आणि एसटी थांब्यापासून सुरू करा. बिलीमोरा–वघई ही 63 किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने बांधली, 1913 पासून ती धावते आहे. करोनात बंद पडली होती, 2021 मध्ये पुन्हा सुरू झाली. उनाई, केवडी, काला आंबा, डुंगरडा अशी स्टेशनं घेत ती रानातून सावकाश जाते. डुंगरड्याला किंवा वघईला उतरून तिकीट दाखवावं, परवाना घ्यावा आणि चालू लागावं, एवढी सोय झाली तर ज्याच्याकडे गाडी नाही त्यालाही जंगल मिळेल. त्यासाठी रेल्वेशी वेळापत्रकाचं बोलणं तुमच्या खात्यालाच करावं लागेल.

वाटाड्या मात्र सक्तीचा असू द्या, आणि तो डांगी, म्हणजे याच भागातला, असू द्या. किलाद आणि महालच्या शिबिरांमुळे लोकांना रानात राहता येतं, हे तुमच्या खात्याचं मोठं काम आहे. पण आमच्यासारख्या एका दिवसाच्या पाहुण्याला तिथे मुक्काम करणं जमत नाही. ओळखीच्या एका डांगी पोराबरोबर पावसाळा सरताना वघईजवळ चाललो होतो. तो एकदम थांबला आणि हात आडवा धरला. समोर दोन सागांच्या मध्ये माणसाच्या उंचीवर कोळ्याचं जाळं होतं, उन्हात पिवळसर चमकणारं, आणि मधोमध तळहाताएवढी काळी-पिवळी मादी. जाळं न मोडता आम्ही वाकून बाजूने गेलो. साग कुठला, सादडा कुठला, काटस आणि माणवेल या बांबूंत फरक काय, हे त्याने चालता चालता सांगितलं. कोटवाळिया कारागीर माणवेल तासून सुपासाठी पट्टी कशी काढतात तेही. गिरा धबधब्यावरच्या स्टॉलवर सूप विकत घेताना हे कुणी सांगत नाही. असं ज्ञान असलेल्या पोरांना रोजगारासाठी ऊसतोडीला किंवा सुरतेला यावं लागतं. वाटा झाल्या तर त्यांतल्या काहींना गावातच काम मिळेल, आणि परवान्याच्या फीचा ठरलेला हिस्सा ग्रामसभेला गेला तर वाट राखायला गावही उभं राहील.

गर्दीची भीती रास्त आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाची संख्या ठरवून आगाऊ नोंदणी घेतात आणि आसपासच्या गावांची समिती ती व्यवस्था पाहते. वांसद्यासाठी आकडा कासपेक्षा फार लहान ठेवा. एका वाटेवर एका वेळी दहा माणसं, प्लास्टिकला बंदी, स्पीकरला बंदी. जागा भरली असेल तर आम्ही पुढच्या रविवारी येऊ.

येत्या पावसाळ्याआधी निदान एक वाट, डुंगरडा किंवा वघई स्टेशनपासून निघणारी, प्रायोगिक म्हणून सुरू करावी. आखणीसाठी बैठक वघईलाच घ्यावी, गावकऱ्यांना बोलवावं. सुरतेतल्या आमच्यासारख्यांनाही कळवलंत तर रजा टाकून येऊ.

आपला,
कतारगाममधला एक रत्नकलाकार