ताटातला रोही, शेतातला रोही

‘‘आई, इथलं ब्रिस्केट प्रसिद्ध आहे, पण ते गाईचं. तुझ्यासाठी दुसरं काहीतरी बघते,’’ असं म्हणत लेकीनं मेन्यूकार्ड जावयाच्या हातातून ओढून घेतलं. गेल्या हिवाळ्यात दोन महिने तिच्याकडे टेक्सासमध्ये होते, तेव्हाची ही गोष्ट. सॅन अँटोनिओच्या बाहेर, हायवेला लागून असलेलं बार्बेक्यू रेस्टॉरंट. मागच्या अंगणात लोखंडी पिंपांसारख्या भट्ट्या, त्यांत ओकची लाकडं, आणि त्या धुरावर रात्रभर मंद शिजणारं मांस. वजनावर मागायचं, ट्रेवर जाड कागद अंथरून त्यावर वाढलेलं घ्यायचं. सोबत पांढऱ्या पावाचे तुकडे, लोणच्यातली काकडी आणि कच्चा कांदा. कांदा बघून माझ्या जिवात जीव आला!

त्या दिवशी तिथे ‘वाइल्ड गेम’चा खास मेन्यू होता. म्हणजे रानातलं. रानडुकराच्या बरगड्या, चितळाचं सॉसेज, बेकनमध्ये गुंडाळलेले लावे. आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘निलगाय’. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. गाय नको म्हणून दुसरं शोधायला गेलो, तर पुढ्यात नीलगाय!

‘‘साउथ टेक्सास अँटेलोप,’’ वाढणाऱ्या मुलीनं हसून खुलासा केला. मी मनात म्हटलं, बाई गं, मला नको सांगूस. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची लेक. आम्ही ह्याला रोही म्हणतो आणि पिढ्यान् पिढ्या ह्याला शेतातून हाकलतो.

इतक्या लांब रोही आला कुठून? तर 1920-30च्या दशकात तिथल्या किंग रँच नावाच्या अवाढव्य कुरणात प्राणिसंग्रहालयातली काही जनावरं आणून सोडली. दक्षिण टेक्सासची काटेरी झुडपं आणि ऊन त्यांना मानवलं. आज ती हजारोंच्या संख्येत आहेत. चितळ आणि काळवीटही तिथे असेच 1930च्या दशकात पोचले. आपल्याकडे ज्यांना बघायला आपण पोराबाळांना घेऊन अभयारण्यात जातो, ते तिथे मेन्यूकार्डावर.

आता खाल्लं की नाही, हे विचारालच. खाल्लं. चितळाच्या सॉसेजमध्ये डुकराची चरबी, चीज आणि हिरवी मिरची घातली होती. रानातल्या जनावराच्या अंगावर चरबी फार नसते, नुसतं भाजलं तर चामड्यासारखं होतं, म्हणून ही युक्ती. रानडुकराच्या बरगड्या चांगल्याच चिवट होत्या, त्यावरचा गोड सॉस मला काही झेपला नाही. रोही मात्र अगदी सौम्य, बोकडापेक्षाही. उग्र वास नाही, मऊ, बारीक धाग्याचं मांस. अन्नाला नावं ठेवू नयेत म्हणतात, पण राहवलं नाही. ‘‘ह्याला सावजी मसाला हवा होता,’’ म्हटलं, तर जावई हसून लोटपोट.

एक गोष्ट मात्र तिथली घेण्यासारखी वाटली. तिथेही शिकाऱ्यानं हौसेनं मारलेलं जनावर हॉटेलला विकता येत नाही. ते त्यानं आपल्या घरी खावं. हॉटेलात जे येतं ते तपासणी झालेलं. रोही आणि चितळाच्या बाबतीत तर तपासनीस गाडी घेऊन कुरणातच जातात. आपल्याकडे हायवेवरच्या एखाद्या ढाब्यावर ‘आज रानातलं आलंय’ असं कानात कुजबुजतात, आणि आमचे काही हौशी पुरुष पराक्रम केल्यासारखे तिकडे धावतात, तसलं हे नव्हे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा सरळ गुन्हा आहे. ‘घरी आणून देतो, तू फक्त रस्सा कर’ असं कुणी म्हणालं, तर मैत्रिणींनो, सरळ नाही म्हणा. गुन्ह्यात तुमचीही चूल येते.

असो. मी कौतुकानं ताटाचा फोटो काढला आणि माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ‘ओळखा पाहू, काय खातेय?’ दुपारचा एक वाजला होता. म्हणजे गावाकडे रात्रीचे साडेबारा. सकाळी बघतील म्हणून फोन पर्समध्ये ठेवते तोच वाजला. वहिनीचा फोन!

‘‘बाई, काय खाऊन राह्यल्या?’’

‘‘रोही,’’ मी सांगितलं. ‘‘पण तू इतक्या रात्री जागी कशी?’’

‘‘जागलीवर हावो ना. तुमच्या दादाचा गुडघा धरला, थंडीत मचाणावर चढवत नाही त्याह्यले. पोरगा अन् मी येतो. तूर भरली, हरभऱ्याले घाटे धरले, एक रात चुकली का सपाट.’’ मग जराशानं म्हणाली, ‘‘तुमी तिथं पैसे देऊन रोही खाल्ला. इथं रोही आमाले खाते, अन् पैसे बी आमचेच जातेत.’’

ती हसत होती. मागे कुणीतरी डबा बडवत होतं, ते ऐकू येत होतं. माझ्या हातातला घास मात्र तसाच राहिला.

शहरातल्या मैत्रिणींना कदाचित कल्पना नसेल. पूर्ण वाढलेला रोही दोनशे किलोंच्या वर भरतो. असा कळप रात्री तुरीत शिरला की खातो त्याहून जास्त तुडवतो. वर्षभराची मेहनत, बियाण्याचं कर्ज, पोरीची फी, सगळं एका रात्रीत आडवं. नावात ‘गाय’ असली तरी तो गाय नव्हे, कुरंग म्हणजे अँटेलोप. पण नावातल्या त्या दोन अक्षरांमुळे कित्येक शेतकऱ्यांचा हात त्याच्यावर उठत नाही. बिहारमध्ये डिसेंबर 2015 मध्ये काही जिल्ह्यांपुरतं त्याला उपद्रवी ठरवलं. जून 2016 मध्ये मोकामा भागात दोनशेहून जास्त नीलगायी गोळ्या घालून मारल्या, तेव्हा दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांचंच जाहीर भांडण जुंपलं. चर्चा जनावराची खूप झाली. तिथल्या शेतावर रात्री जागतं कोण, हे कुणी विचारलं नाही.

मग टेक्साससारखं मारा आणि खा, हा उपाय का? माझं मन तसं म्हणत नाही. तिथे रोही बाहेरून आणलेला, आपल्याकडे तो ह्याच मातीतला, वाघाच्या तोंडचा घास. आणि नुसत्या मारण्यानं तिथलाही प्रश्न सुटलेला नाही. रानडुकरांनी तिथल्या शेतकऱ्यांच्याही नाकी नऊ आणलेत. 2011 पासून हेलिकॉप्टरमधून ती मारायला कायद्यानं मुभा दिली, तरी आटोक्यात येत नाहीत.

दुसऱ्या बाजूला आपल्याकडे हताश होऊन कुणी कुंपणात वीज सोडतो. त्यात रोही मरतो, कधी शेजारचा शेतकरी मरतो, कधी वाघ. 2017 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ ‘श्रीनिवास’ नावाचा वाघ अशाच तारेनं गेला. त्यावर आपण शहरात हळहळलो. हळहळायलाच हवं. पण त्या तारेमागे किती रात्रींचं जागरण असतं, तेही बघायला हवं.

वन्यप्राणी जगवायचे, हा निर्णय आपण समाज म्हणून घेतला आणि तो योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की त्याचा खर्च कोण भरतं? आपण सफारीचं तिकीट भरतो. वहिनी झोप भरते. पुरुष जागलीला गेला तर रात्रभर ती घरात एकटी. तो आजारी असला तर ती मचाणावर. सकाळी सहाला चूल तिचीच. नुकसानभरपाईची सोय आहे, पण त्यासाठी अर्ज, पंचनामा, सातबारा. राबणारी ती, सातबारा दुसऱ्याच्या नावावर. कचेरीत तिचं म्हणणं ऐकायलाही ‘घरच्या माणसाला पाठवा’ म्हणतात. सौर कुंपणासाठी अनुदान आहे, पण एकट्या शेतानं ते लावलं तर कळप शेजारच्या शेतात वळतो. ते अख्ख्या शिवाराला मिळून हवं. पंचनामा वेळेत व्हावा, जिनं रात्र काढली तिची सहीही त्यावर चालावी, भरपाई पुढच्या पेरणीच्या आत हातात पडावी, एवढं मागणं फार आहे का?

तोवर विदर्भातल्या बायांनी आपला उपाय शोधलाय. जुन्या साड्या. शेताच्या चहूबाजूंनी काठ्या रोवून त्यांना लाल, हिरव्या, पिवळ्या साड्या बांधायच्या. वाऱ्यावर फडफडल्या की जनावर बिचकतं. काही दिवस तरी. एसटीतून जाताना बघाल, शेतंच्या शेतं साड्या नेसून उभी असतात. मी लहानपणापासून ते बघत आले आणि ‘किती सुंदर दिसतं’ म्हणत आले. त्यातली प्रत्येक साडी कुणीतरी झोप लागावी म्हणून बांधलेली असते, हे टेक्सासच्या त्या टेबलावर पहिल्यांदा नीट कळलं.

पुण्याला परतल्यावर कपाट उघडलं. वहिनी दर दिवाळीत विचारायची, ‘‘बाई, जुनी लुगडी निघाली का?’’ आणि मी दोन-तीन विटलेल्या काढून द्यायची. ह्या वेळी अठरा काढल्या. मला वाटलं, मी फार मोठं काम केलं. पार्सल पोचल्यावर वहिनीचा फोन आला.

‘‘बाई, साड्या भेटल्या. लय झाल्या. पण यातली एक निळी हाय, ते म्या नाही बांधली.’’

‘‘का गं?’’

‘‘चांगली हाय. नेसतो मीच. रोह्यानं बी किती चांगलं पाहावं?’’